वऱ्हाडाचे गाणे : मुळे आणि वर्तमान

बुलडाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम हे गाव आहे. शुकदास महाराजांनी (निधन २०१७) उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे हे गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते. स्वामी विवेकानंदांच्या जयंतीनिमित्त येथे दरवर्षी तीन दिवसांचा जन्मोत्सव भरतो. वृत्तपत्रांतून या उत्सवाची चर्चा होते ती बहुधा महाप्रसादाची. मोकळ्या शेतात बसलेल्या भाविकांच्या लांबच लांब पंगती, ट्रॅक्टरमधून वाढली जाणारी पुरी आणि वांग्याची भाजी यांची छायाचित्रे वाचकांच्या परिचयाची आहेत. उत्सवातील गाण्याविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. वस्तुतः भजन आणि कीर्तन यांवाचून या परिसरात कोणताही उत्सव पूर्ण होत नाही. पंगत आणि भजन यांच्यामागील तत्त्वही एकच आहे. दोन्ही ठिकाणी कोणी निव्वळ प्रेक्षक नसतो.

वऱ्हाड, म्हणजे अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ आणि बुलडाणा हा विदर्भाचा पश्चिम भाग, संगीताच्या नकाशावर सहसा दाखवला जात नाही. शास्त्रीय संगीतातील घराण्यांची नावे येथील गावांना मिळालेली नाहीत. नाट्यसंगीताचा बहर प्रामुख्याने पुणे-मुंबई-सांगलीकडचा, तर लावणीच्या फडांची कीर्ती पश्चिम महाराष्ट्राची. तरीही मराठी भावगीताची पहाट, खंजिरी भजनाचा विस्तार आणि मराठी गझलेची प्रतिष्ठा या तीन गोष्टींचा शोध घेत गेल्यास वाट वऱ्हाडातच येऊन पोहोचते. या साऱ्या प्रकारांत एक समान धागा आहे. येथे गाण्याचा आरंभ शब्दापासून होतो आणि ते पूर्ण होते ते ऐकणाऱ्यांनी ध्रुवपद उचलल्यावर. पोवाड्यात आणि गोंधळात ज्याला ‘झील धरणे’ म्हणतात, ती क्रिया वऱ्हाडी गाण्याचा कणा आहे.

विवेकानंद आणि संगीत

ज्यांच्या नावाने हिवऱ्याचा आश्रम उभा आहे ते विवेकानंद स्वतः उत्तम गायक होते, ही गोष्ट त्यांच्या वक्तृत्वाच्या तेजात झाकोळून गेली आहे. कलकत्त्यातील तरुण नरेंद्रनाथ दत्त यांनी हिंदुस्थानी संगीताचे रीतसर शिक्षण घेतले होते. गायनाप्रमाणेच पखवाज आणि तबला यांवरही त्यांचा हात चालत असे. १८८१मध्ये श्रीरामकृष्णांशी त्यांची पहिली भेट झाली, तीही गाण्याच्या निमित्ताने. कलकत्त्यातील एका भक्ताच्या घरी भजन गाण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले होते. वैष्णवचरण बसाक यांच्यासह त्यांनी संपादित केलेला ‘संगीतकल्पतरू’ हा गीतसंग्रह १८८७मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. रामकृष्ण मठांतून आजही रोज सायंकाळी गायिली जाणारी आरती ही त्यांचीच रचना. उपदेशाला सुरांची जोड देणारा हा संन्यासी वऱ्हाडच्या मातीत परका वाटला नाही, कारण उपदेश गाऊन सांगण्याची रीत येथे त्यांच्या कितीतरी आधीपासून रुजलेली होती.

अभंगाचा पाया

या रीतीचा जिल्ह्यातील सर्वांत जुना धागा संत चोखामेळ्यांपर्यंत जातो. परंपरेनुसार त्यांचे जन्मगाव देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे होय. चोखोबांचे आयुष्य पुढे मंगळवेढा आणि पंढरपूर येथे गेले. १३३८मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांच्या पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांनी अभंगरचना केली. मंदिराच्या पायरीपलीकडे ज्यांना प्रवेश नव्हता अशा एका कुटुंबाचे शब्द सहा-सात शतके महाराष्ट्राच्या कंठात राहिले. विसाव्या शतकात किशोरी आमोणकर आणि जितेंद्र अभिषेकी यांच्यासारख्या श्रेष्ठ गायकांनी या कुटुंबाचे अभंग मैफलीत नेले. तथापि मैफलीत पोहोचण्याआधी ते टिकले होते ते दिंडीतल्या वारकऱ्यांमुळे, टाळकऱ्यांच्या सामुदायिक स्मरणामुळे.

हे सामुदायिक स्मरण आजही जिवंत आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर या मार्गाने येते. शेकडो वारकऱ्यांचे टाळ एकाच लयीत वाजत असतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावे गोळा होतात. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत सात दिवस काकडा, हरिपाठ आणि कीर्तन चालते. ताल सांभाळणे, सुरात सूर मिसळणे, अभंगाचे चरण पाठ करणे हे खेड्यातील मुलांचे पहिले संगीतशिक्षण याच मांडवात होते. त्यासाठी ना शुल्क लागते, ना प्रवेशपरीक्षा.

जाते, पोळा आणि भुलाबाई

भक्तीच्या जोडीला श्रमाचे आणि सणांचे गाणे आहे. पहाटे जात्यावर दळताना बायका ओव्या रचीत. माहेर, सासर, भाऊ, लेक, पाऊस, पंढरी हे सारे विषय त्यांत येत. जात्याची घरघर हीच त्या गाण्याची लय. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हटली जात. मुली टिपऱ्यांच्या ठेक्यावर घरोघर गात जात आणि शेवटी डब्यात झाकलेला खाऊ ओळखण्याचा खेळ होई.

पुरुषांच्या वाट्याला आलेला एक विलक्षण प्रकार म्हणजे पोळ्याच्या झडत्या. पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल तोरणाखाली उभे केले जातात आणि शेतकरी एकामागून एक यमकबद्ध ओळी खड्या आवाजात म्हणू लागतात. शेवटी सर्वांच्या मुखातून महादेवाचा गजर होतो. झडतीला राग नाही आणि वाद्य लागतेच असे नाही, पण ठेका आहे, यमक आहे आणि टोमणाही आहे. सावकार, पाटील, पुढारी, बाजारभाव, दुष्काळ यांपैकी कोणीही तिच्या तडाख्यातून सुटत नाही. एकाची झडती संपताच दुसरा तिला उत्तर देतो. आज शहरातील तरुण रॅप या प्रकाराला अगदी नवा मानतात. त्यांनी पोळ्याच्या दिवशी वऱ्हाडातील एखाद्या गावात उभे राहिल्यास तालबद्ध बोलण्याची ही कला आपल्या आजोबांनाही अवगत होती, हे ध्यानात येईल.

खंजिरीचे सामर्थ्य

विसाव्या शतकात या गाण्याला नवे वळण दिले ते अमरावती जिल्ह्यातील दोन संतांनी. गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) कीर्तनाला प्रश्नोत्तरांचे रूप दिले. ते प्रश्न विचारीत आणि हजारोंचा समुदाय उत्तर देई. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरी हाती घेतली. चामड्याने मढवलेले लहानसे कडे आणि त्याला बसवलेल्या झांजा, एवढेच हे वाद्य. ते स्वस्त, हलके आणि कोठेही नेता येण्याजोगे असल्यामुळे भजनासाठी मंदिर किंवा रंगमंच यांची गरज उरली नाही. महाराजांनी मराठी आणि हिंदी भाषांत विपुल भजने रचली. ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यता निवारण आणि स्वातंत्र्य हे त्यांचे विषय होते. १९३५मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. १९४२च्या आंदोलनात महाराजांना कारावास घडला. परकीय सत्तेलाही या भजनांचा धाक वाटावा, यावरून त्यांच्या प्रभावाची कल्पना येते.

गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पोहोचले. अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज हे या परंपरेचे आजचे ठळक नाव. एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजविण्याचे त्यांचे कसब पाहण्यासाठी गर्दी लोटते. मात्र त्या कसबाच्या आडून ते अंधश्रद्धा, हुंडा आणि दारू यांवर वऱ्हाडी बोलीत प्रहार करतात. त्यांच्या सप्तखंजिरी प्रबोधनाचे अनुकरण आता तरुण कलावंतही करतात.

मेहकरची शीळ

तुकडोजी महाराजांचा जन्म झाला त्याच वर्षी, १९०९मध्ये, बुलडाणा जिल्ह्यात आणखी एका शब्दप्रभूचा जन्म झाला. नागोराव घनश्याम देशपांडे, अर्थात कवी ना. घ. देशपांडे. मेहकर येथे वकिली करीत त्यांनी आयुष्य घालवले. रानातून येणाऱ्या शिळेने व्याकूळ झालेल्या तरुणीचे मनोगत सांगणारी ‘शीळ’ ही त्यांची कविता गायक गोविंदराव जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, यांच्या हाती पडली. विशेष म्हणजे जोशीही १९०९चेच. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या आवाजात या गीताची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती घरोघर वाजू लागली. नाट्यपदाहून वेगळे, कवितेचा भाव जपणारे, तीन-साडेतीन मिनिटांत संपणारे असे गाणे मराठी श्रोत्यांना लाभले. त्यालाच पुढे भावगीत हे नाव स्थिरावले. या गीताला मराठीतील आद्य भावगीताचा मान दिला जातो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भावगीताचा बहर मुंबई-पुण्याच्या ध्वनिमुद्रण कंपन्या आणि आकाशवाणी यांच्या आश्रयाने फुलला, पण त्याचे बीज पैनगंगेकाठच्या तालुक्याच्या गावी पडले. ना. घं.च्या शब्दांतील लय ग्रामीण गाण्याची होती. त्यामुळे नवी चाल लागली तरी शब्द उपरे वाटले नाहीत. मेहकरातील कंचनीच्या महालाचे अवशेष आणि त्याभोवतीची नर्तिकेची आख्यायिकाही त्यांच्या काव्याचा विषय झाली. ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह १९५४मध्ये निघाला. ‘खूणगाठी’ या संग्रहाला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २००० साली त्यांचे निधन झाले.

शब्दाला चाल मिळण्याचा हा ओघ पुढेही चालू राहिला. अकोला जिल्ह्यातील कवी विठ्ठल वाघ यांच्या वऱ्हाडी बोलीतील तिफणीच्या गीताला १९८१च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटाने महाराष्ट्रभर पोहोचवले. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी (१९३२-२००३) मराठी गझलेला स्वतःचे व्याकरण आणि स्वतःचा श्रोता मिळवून दिला. त्याच जिल्ह्यातील भीमराव पांचाळे यांनी केवळ मराठी गझलेच्या मैफली करण्याचा ध्यास घेतला. वऱ्हाड दीर्घकाळ निजामाच्या सत्तेशी जोडलेले होते. उर्दू येथे शेजारची भाषा आहे. सैलानी बाबांच्या यात्रेत कव्वाली आणि वारीच्या वाटेवर अभंग ऐकणाऱ्या या जिल्ह्यांत गझलेचा कान तयार असणे स्वाभाविकच होते. कौशल इनामदार यांनी २०१०मध्ये शेकडो गायकांना एकत्र आणून मराठी अभिमानगीत ध्वनिमुद्रित केले. त्याचेही शब्द भटांचेच आहेत.

निळ्या पाखरांचे गाणे

वऱ्हाडातील आजच्या गाण्याचा सर्वांत जोरकस प्रवाह कोणता, असे विचारले तर भीमगीतांकडे बोट दाखवावे लागेल. आंबेडकरी जलशांतून १९३०च्या दशकात हा प्रवाह सुरू झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर त्याला बुद्ध-भीमगीतांचे रूप आले. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गीते रचली आणि गावोगाव फिरून ती गायिली. त्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातला, पण विदर्भातील वस्त्यांनी त्यांना आपले मानले. लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरील कार्यक्रमातच अखेरचा श्वास घेतला.

या प्रवाहाने प्रत्येक नवे साधन लगेच आत्मसात केले. १९८०च्या दशकात ध्वनिफिती आल्या तेव्हा प्रल्हाद शिंदे आणि पुढे आनंद-मिलिंद शिंदे यांचे आवाज खेड्यांतील चहाच्या टपऱ्यांवरून ऐकू येऊ लागले. तिसऱ्या पिढीतील आदर्श शिंदे आज चित्रपटगीतांचे आघाडीचे गायक आहेत. मोबाइलच्या काळात छत्रपती संभाजीनगर येथील कडुबाई खरात एकतारीवर गायिलेल्या भीमगीतांमुळे घराघरांत पोहोचल्या. कोणतेही रेकॉर्डिंग स्टुडिओचे पाठबळ नसताना एका बाईचा कसदार आवाज आणि एका तारेचे वाद्य लाखोंना पुरेसे ठरले. चोखोबांच्या कुटुंबाने सातशे वर्षांपूर्वी उभा केलेला सन्मानाचा प्रश्नच या गाण्यातून पुन्हा ऐकू येतो. फरक इतकाच की तेव्हाची आळवणी आता ठाम प्रतिपादन झाली आहे.

आइसलँडचा दाखला

लोकगीत आणि आधुनिक गाणे यांचे नाते समजून घेण्यासाठी एक दूरचे उदाहरण उपयोगी पडते. उत्तर अटलांटिकमधील आइसलँड या बेटाची लोकसंख्या चार लाखांहून कमी आहे. बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८६ हजार होती. म्हणजे हा देश एका बुलडाणा जिल्ह्याच्या सहाव्या हिश्शाएवढाही नाही. तरीही ब्योर्कसारखी गायिका आणि ‘सिगुर रोस’सारखा वाद्यवृंद यांच्यामुळे जगभरच्या रसिकांचे लक्ष त्याच्याकडे वळले.

या आधुनिक संगीतामागे ‘रीमुर’ नावाची जुनी परंपरा आहे. रीमुर म्हणजे यमकबद्ध कथाकाव्याचे एकट्याने केलेले पठण. हिवाळ्यातील दीर्घ रात्री शेतघरांत लोकर पिंजता-विणताना ते ऐकले जाई. जात्यावरची ओवी आणि पोळ्याची झडती या दोहोंचे हे जणू दूरचे नातलग. विसाव्या शतकात ही परंपरा लोपू लागली, तेव्हा १९२९मध्ये रेक्याविक येथे ‘इदुन’ ही संस्था स्थापन झाली आणि १९३०च्या दशकात तिने वृद्ध गायकांच्या चाली तबकड्यांवर उतरवून घेतल्या. १९८२मध्ये तेथील बंडखोर रॉक संगीतावर एक माहितीपट निघाला, त्यातही रीमुर म्हणणाऱ्या एका वृद्ध कवीला स्थान मिळाले. २००१मध्ये ‘सिगुर रोस’ने स्टेइन्दोर अँडरसन या रीमुरगायकासह एक लहान ध्वनिमुद्रिका काढली. नव्या पिढीला मुळांकडे वळता आले, कारण आधीच्या पिढीने ती मुळे जपून ठेवली होती. गावोगावच्या संगीतशाळांना तेथे सार्वजनिक निधीतून साहाय्य मिळते, हेही तितकेच महत्त्वाचे.

हरवते आहे ती झील

महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले आहेत. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांचा ठेवा २०१७पासून संकेतस्थळावर उपलब्ध होऊ लागला. त्यांतील मोठा भाग पुणे जिल्हा आणि आसपासच्या परिसरातला आहे. वऱ्हाडी ओव्या, भुलाबाईची गाणी आणि झडत्या अशाच व्यापक संकलनास पात्र आहेत. पिठाची गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले. ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यातील बैलजोड्या कमी झाल्या आणि बैलच नसतील तर पोळ्याच्या तोरणाखाली झडती कोण म्हणणार? या गाण्यांचा आधार असलेले जीवनच बदलत आहे. त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. पहाटे उठून दळण्याचे कष्ट बायकांना पुन्हा करावे लागावेत, असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच ती गाणी आठवणाऱ्या वृद्ध स्त्रिया हयात आहेत तोवर त्यांचा आवाज टिपून ठेवणे निकडीचे आहे.

दुसरा बदल ध्वनिवर्धकाचा आहे. लग्नाच्या वरातीत आणि जयंतीच्या मिरवणुकीत आता डीजेच्या भिंती उभ्या राहतात. ढोलकी, संबळ, डफ आणि सनई वाजविणाऱ्यांचा रोजगार त्यामुळे घटतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकावर निर्बंध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयानेही २००५मध्ये ते उचलून धरले. परंतु प्रश्न केवळ आवाजाच्या पातळीचा नाही. डीजेसमोर नाचता येते, पण त्याला झील देता येत नाही. गाणारा आणि ऐकणारा यांच्यातील जी रेषा वऱ्हाडने शतकानुशतके पुसट ठेवली, ती या यंत्राने ठळक केली आहे.

असे असले तरी चित्र निराशेचे नाही. मोबाइलवरून एकतारी ऐकली जाते, सप्तखंजिरीला तरुण शिष्य मिळतात, सप्ताहाच्या मांडवात मृदंगावर लहान मुले बसलेली दिसतात. वऱ्हाडच्या गाण्याने तबकडी, रेडिओ, ध्वनिफीत आणि भ्रमणध्वनी ही सारी स्थित्यंतरे पचविली. प्रत्येक वेळी त्याचा आधार राहिला तो ध्रुवपद उचलणारा समुदाय. हिवरा आश्रमच्या उत्सवात पंगत उठल्यानंतर भजनाला बसणारी माणसे या परंपरेची खरी वारसदार आहेत. जोवर पुढच्या चरणाची वाट पाहत हजार कंठ एकदम उघडतात, तोवर ही मुळे ओली राहतील.